फिटनेट प्रकरण: ६३ टक्के मुलं ‘बरी’ झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

२०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या एका चाचणीचा निकाल छापून आला. क्रॉनिक फटिग सिंड्रोम (सीएफएस), म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार झालेली १२ ते १८ वयाची १३५ मुलं. ६७ जणांना नेहमीचे उपचार, ६८ जणांना घरच्या संगणकावरून चालणारा ‘फिटनेट’ नावाचा मानसोपचाराचा कार्यक्रम. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांतली ८ टक्के मुलं बरी झालेली, आणि फिटनेटमधली ६३ टक्के. ज्या आजारापुढे डॉक्टर बहुधा हात टेकतात, त्यात एवढी तफावत!

बारा वर्षांनी, २०२४ मध्ये, याच कार्यक्रमाच्या ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल आला. तिथे शारीरिक क्षमतेच्या मापावर दोन गटांतला फरक निघाला शंभरपैकी ८.२ गुणांचा, आणि सरकारी आरोग्यसेवेने (एनएचएस) त्यासाठी पैसे मोजावेत असा हिशेबही बसला नाही.

मधल्या काळात काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. फिटनेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. एक म्हणजे उपचार मुलाच्या घरापर्यंत नेणं. दुसरी म्हणजे हा आजार का टिकून राहतो याबद्दलचा एक ठरावीक सिद्धान्त. पहिली गोष्ट खरोखर उपयोगाची होती. तिच्यामुळे मिळालेलं श्रेय दुसरीच्या खात्यावर जमा झालं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आजार कसा असतो

साधारण चित्र असं. तेरा-चौदा वर्षांचं मूल, बऱ्याचदा मुलगी. ताप येतो, घसा सुजतो, कधी एपस्टाइन-बार विषाणूचा ग्रंथीज्वर निघतो. ताप जातो, पण मूल सावरत नाही. महिने उलटतात. रात्री बारा तास झोपूनही सकाळी अंग गळालेलं. उभं राहिलं की चक्कर येते, पुस्तकातली ओळ दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात, तर सगळं ‘नॉर्मल’.

या आजाराची खरी खूण वेगळीच आहे. बरं वाटतंय म्हणून मूल एक दिवस शाळेत जातं, मैत्रिणीच्या वाढदिवसाला थांबतं, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतं. केलेल्या श्रमाच्या मानाने ही घसरण अवाच्या सवा असते, शिवाय ती उशिरा येते. त्यामुळे घरच्यांना तिचा संबंध वाढदिवसाशी लागतच नाही. त्यांना दिसतं एवढंच की परवा नाचत होती आणि आज शाळेचं नाव काढलं की उठवत नाही. ‘नाटकं’ हा शब्द घराघरांत इथेच जन्माला येतो.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची १९९४ ची व्याख्या बराच काळ संशोधनात प्रमाण मानली गेली. तिच्यात सहा महिन्यांचा थकवा आणि आठ लक्षणांपैकी कोणतीही चार एवढं पुरे होतं. श्रमानंतरची घसरण त्या आठांपैकी एक, म्हणजे असली तर असली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आणि २०२१ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ती अनिवार्य केली. फिटनेटची मुलं जुन्या व्याख्येने निवडलेली होती. हा तपशील पुढे लागणार आहे.

कार्यक्रम

उट्रेख्तच्या विल्हेल्मिना बालरुग्णालयातल्या सान्ने नेइहोफ, एलिझे व्हान डे पुटे आणि नायमेखेनचे खेइस ब्लायनबर्ख ही या कामामागची मंडळी. प्रश्न अगदी व्यवहारी होता. या आजारावर काम करणारे प्रशिक्षित थेरपिस्ट हातावर मोजण्याइतके आणि तेही मोजक्या शहरांत. ज्या मुलाला जिना चढून खोलीत जाण्याचे वांधे, त्याला दर आठवड्याला गाडीत घालून दीड तासावर न्यायचं, तासभर बोलायचं, परत आणायचं. उपचाराला जाण्यातच आठवड्याची शक्ती संपते.

म्हणून सगळं इंटरनेटवर. २१ पाठ, आधी आजाराची माहिती आणि मग संज्ञानात्मक वर्तनोपचार (सीबीटी), म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा मानसोपचार. मुलाचं स्वतःचं लॉगिन, आईवडिलांचं वेगळं. मुलाने पाठ वाचायचा, प्रश्नांची उत्तरं लिहायची, झोपेची आणि हालचालीची नोंद ठेवायची. थेरपिस्ट ठरलेल्या दिवशी लेखी उत्तर देणार. व्हिडिओ नाही, फोन नाही, समोरासमोर बसणं नाही. सुरुवातीला हा संवाद दर आठवड्याला, पुढे थोडा विरळ.

मला या रचनेतली दोन कलमं फार शहाणपणाची वाटतात. पहिलं, लेखी आणि सवडीने. डोकं चालत नसेल त्या दिवशी मूल लिहीत नाही, चालेल त्या दिवशी लिहितं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत तासभर तग धरण्याची सक्ती नाही. सोळा वर्षांचा मुलगा आईसमोर बसून जे कधीच बोलणार नाही, ते रात्री पडल्या पडल्या टाइप करू शकतो. दुसरं, आईवडिलांची भूमिका वयाप्रमाणे वेगळी ठेवली होती. पंधराच्या आतलं मूल असेल तर पालकांनी सोबत चालायचं, मोठं असेल तर हळूहळू मागे सरायचं आणि सूत्रं मुलाच्या हातात द्यायची.

आता सिद्धान्ताकडे. डच पद्धतीच्या सीबीटीची मांडणी थोडक्यात अशी: आजार सुरू कशानेही झालेला असो, तो टिकतो तो लक्षणांकडे सतत लक्ष राहिल्याने, हालचालीची धास्ती बसल्याने, ‘आपल्याच्याने होणार नाही’ या भावनेने आणि झोपेचं वेळापत्रक विस्कटल्याने. तेव्हा उठण्या-झोपण्याच्या वेळा पक्क्या करायच्या, लक्षणांची चर्चा कमी करायची, हालचाल पायरीपायरीने वाढवत न्यायची आणि पूर्णवेळ शाळा हे ध्येय पहिल्यापासून समोर ठेवायचं. ज्यांची हालचाल फारच कमी आहे त्यांनी वाढवायला लगेच सुरुवात करायची. जे कधी खूप करतात आणि कधी आडवे पडतात त्यांनी आधी समतोल साधायचा.

ऐकायला हे सगळं पटण्यासारखं आहे. श्रमानंतरची घसरण ज्याच्या शरीरात खरोखर घडते, त्याला मात्र यातला ‘वाढवत न्या’ हा भाग महागात पडू शकतो. घसरण हे आजाराचं गाभ्याचं लक्षण मानायचं की भीतीतून आलेली अडचण, यावर पुढच्या दहा वर्षांत वैद्यकविश्वात अक्षरशः रणं माजली.

आकड्यांच्या आत

सहा महिन्यांनंतर फिटनेट गटातली ७५ टक्के मुलं पूर्णवेळ शाळेत, दुसऱ्या गटातली १६ टक्के. तीव्र थकवा उरलेला नाही अशी ८५ टक्के विरुद्ध २७ टक्के. शारीरिक क्षमता सर्वसामान्य अशी ७८ टक्के विरुद्ध २० टक्के. कुठेही बघा, फिटनेट पुढेच.

यात दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट मोजमापाची. थकवा मोजायला वापरलेल्या प्रश्नावलीत आठ विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ७ गुण. म्हणजे बेरीज ८ पासून ५६ पर्यंत कुठेही. ४० किंवा जास्त असेल तर तीव्र थकवा, ४० च्या खाली आलात की तीव्र थकवा नाही. ४१ चं मूल ३९ वर आलं तर ते रेषेच्या पलीकडे गेलं. आता आठ विधानांपैकी दोन ठिकाणी एकेक गुण कमी टाकायला काय लागतं याचा विचार करा. सहा महिने एक प्रेमळ, चिकाटीचा माणूस तुम्हाला नियमितपणे लिहितोय की लक्षणांकडे कमी लक्ष द्या, थकव्याबद्दल वेगळ्या नजरेने विचार करा. त्यानंतर तुमच्यापुढे थकव्याबद्दलचाच कागद येतो. मूल खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. पण उपचाराने उत्तर देण्याची रीत शिकवलेली असताना त्या उत्तरालाच पुरावा मानायचं, हे मला पटत नाही. औषधाच्या चाचणीत किमान कोणाला खरी गोळी मिळाली हे लपवता येतं. इथे ते शक्यच नव्हतं.

शाळेचा आकडा यापेक्षा भक्कम वाटतो, आणि तो आहेही. मात्र शाळेत जाणं हे उपचाराचं जाहीर ध्येय होतं, आणि मूल इतर काय काय सोडून देऊन शाळेत बसलं हे त्या आकड्यातून कळत नाही. संध्याकाळचा खेळ, मित्र, शनिवार-रविवार हे सगळं बंद करून शाळा गाठणारी मुलं या आजारात नवीन नाहीत.

हालचाल यंत्राने मोजली तर काय दिसतं? त्याचं उत्तर डच संशोधकांकडेच होतं. २०१० मध्ये त्यांच्याच देशात सीबीटीच्या तीन जुन्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा तपासली गेली. त्यात रुग्णांच्या घोट्याला बांधलेल्या यंत्राच्या नोंदी होत्या. थकव्याचे गुण कमी झाले होते, हालचाल मात्र वाढलेली नव्हती. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की थकवा कमी व्हायला हालचाल वाढण्याची गरज नाही. टीकाकारांनी विचारलं की मग बदललं ते काय, आजार की उत्तरं? दोन्ही वाचनं त्याच आकड्यांची आहेत. माझा कल दुसऱ्याकडे.

दुसरी खटकणारी गोष्ट फारशी चर्चेत येत नाही, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ‘नेहमीचे उपचार’ म्हणजे काही न करणं नव्हतं. त्या गटातल्या बऱ्याच मुलांना समोरासमोरची सीबीटी किंवा टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम मिळत होता. तत्त्वतः तेच औषध, फक्त दवाखान्यात जाऊन घ्यायचं. तरी ८ टक्के! सिद्धान्त बरोबर असता तर या गटातही बरीच मुलं सुधारायला हवी होती. तसं झालं नाही. मग फिटनेटमध्ये वेगळं काय होतं? प्रवास नव्हता, रांग नव्हती, आपल्या वेळेने बोलायची सोय होती, नियमितपणे कोणीतरी विचारपूस करत होतं, आईवडिलांना स्वतंत्र मार्गदर्शन होतं. फरकाचा मोठा वाटा माध्यमाचा असेल, काही वाटा प्रश्नावलीतली उत्तरं उपचाराच्या बाजूने झुकण्याचा असेल. सिद्धान्ताच्या बाजूने पुरावा म्हणून हा निकाल फार तोकडा पडतो.

आणि मग पुढचा निकाल. २०१३ मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात याच मुलांचा पाठपुरावा आला, सरासरी २.७ वर्षांनंतरचा. सुरुवातीला फिटनेट मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरी, नेहमीच्या उपचारांच्या गटातली ५२.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. पहिल्या सहा महिन्यांनंतर बरी न झालेली काही मुलं फिटनेटकडे वळली होती, त्यामुळे तुलना स्वच्छ राहिलेली नव्हती हे मान्य. तरी एक गोष्ट उरते: या वयात बरीच मुलं काळाबरोबर सुधारतात, आणि फिटनेटने त्यांना लवकर तिथे पोचवलं असं फार तर म्हणता येईल. लवकर पोचणंही लहान गोष्ट नाही. नववी-दहावीची दोन वर्षं वाचणं म्हणजे काय हे पालकांना विचारा. पण लोकांनी जे ऐकलं ते हे नव्हतं.

ब्रिटनची पाळी

लोकांनी जे ऐकलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. ब्रिस्टल विद्यापीठाच्या बालरोगतज्ज्ञ एस्थर क्रॉली यांनी फिटनेट-एनएचएस ही चाचणी सुरू केली तेव्हा ब्रिटिश बातम्यांचा सूर होता की डच उपचाराने तीनपैकी दोन मुलं बरी होतात. पाठपुराव्याचा निकाल तेव्हा प्रसिद्ध होऊन तीन वर्षं झाली होती. रुग्णसंघटना संतापल्या, आणि त्यांचा संताप आधीच पेटलेला होता. २०११ मध्ये प्रौढांवरची ‘पेस’ ही ६४१ रुग्णांची ब्रिटिश चाचणी आली होती, सीबीटी आणि वाढत्या व्यायामाच्या बाजूने. तिची मूळ आकडेवारी मिळावी म्हणून एका रुग्णाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला, आणि २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाला ती खुली करायला लावली. मूळ आराखड्यातल्या कसोट्या लावून पाहिल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण पार आक्रसलं. अशा वातावरणात ‘मुलांसाठी ऑनलाइन सीबीटी’ ही घोषणा म्हणजे आगीत तेल.

ब्रिटनची गरज मात्र खरी होती. बाथ शहरातल्या सेवेसारखी मोठी केंद्रं मोजकी, आणि बहुसंख्य मुलांच्या जवळपास या आजाराचा तज्ज्ञ नाही. चाचणीत अशीच मुलं घ्यायची होती, ११ ते १७ वयाची. ठरलं होतं ७३४, मिळाली ३१४. तुलनेला होतं ‘अॅक्टिव्हिटी मॅनेजमेंट’, म्हणजे हालचालीचं नियोजन, तेही व्हिडिओ कॉलवर. ही तुलना डच चाचणीपेक्षा प्रामाणिक, कारण इथे दोन्ही गट घरीच होते. माध्यमाचा फायदा दोघांनाही.

आणि तसं करताच फरक आकसला. शारीरिक क्षमतेच्या ० ते १०० च्या मापावर सहा महिन्यांनी ८.२ गुण. हे माप जवळून पाहण्यासारखं आहे. त्यात दहा प्रश्न असतात: धावता येतं का, सामान उचलता येतं का, जिन्याचा एक टप्पा चढता येतो का, वाकता येतं का, थोडं अंतर चालता येतं का, स्वतः अंघोळ करून कपडे घालता येतात का. प्रत्येकाला तीनच उत्तरं: खूप अडचण, थोडी अडचण, अडचण नाही. एका प्रश्नात एक पायरी वर गेलात की एकूण ५ गुण वाढतात. म्हणजे ८.२ गुण म्हणजे दहा प्रश्नांत मिळून दोन पायऱ्याही नाहीत. एखाद्या मुलाला ‘सामान उचलायला खूप अडचण’ ऐवजी ‘थोडी अडचण’ म्हणता आलं, आणि जिन्याबाबत जवळपास तसंच. ज्याचं त्याला ते मोलाचं असेल. पण हे उत्तरही मुलाचंच, आणि फिटनेट गटाला सहा महिने सातत्याने लेखी सोबत होती तर दुसऱ्या गटाला मोजके कॉल.

२०२१

चाचणी चालू असतानाच ब्रिटनमध्ये पायाखालची जमीन सरकली. ‘नाइस’ने २००७ ची मार्गदर्शिका रद्द करून ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी आणली. वाढत्या व्यायामाचा उपचार देऊ नये. सीबीटी द्यायची तर आजाराबरोबर जगताना होणारा त्रास हाताळायला, आजार बरा करणारा उपचार म्हणून नव्हे. मूल आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहायला शिकलं पाहिजे, मर्यादा ढकलायला नव्हे. मुलात चार आठवडे लक्षणं दिसली तर संशय घ्यावा आणि तीन महिन्यांनी निदान करावं. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०१८ मध्येच हा गंभीर, अनेक अवयवसंस्थांना ग्रासणारा आजार असल्याचं म्हटलं होतं. सीबीटीबाबत तिच्या समितीत एकमत झालं नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०१७ मध्ये सीबीटी आणि वाढता व्यायाम या दोन्ही उपचारांची शिफारस आपल्या पानांवरून काढली. मग कोविडनंतर दीर्घकाळ रेंगाळणारी तीच घसरण जगभरच्या घराघरांत दिसू लागली आणि ‘हे सगळं मनाचं आहे’ म्हणणं थोडं अवघड झालं.

याचा अर्थ फिटनेट टाकून द्यायचं का? मी म्हणेन की चौकट ठेवा, मजकूर बदला. लॉगिन, लेखी संवाद, पालकांचा वेगळा पाठ, शाळेशी समन्वय हे सगळं जसंच्या तसं. ‘दर आठवड्याला थोडं जास्त’ ऐवजी ‘आज किती केलं आणि परवा काय झालं’ याची नोंद. लक्षणांकडे दुर्लक्ष करायला शिकवण्याऐवजी घसरणीची पहिली चाहूल ओळखायला शिकवणं. आणि मोजमापात मनगटावर एक साधं हालचाल मोजणारं घड्याळ.

गोव्याचा एक दाखला

आपल्याकडे हा विषय आला की माझ्यासमोर गोव्यातला एक अभ्यास येतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या स्त्रियांमधल्या थकव्याची पाहणी करून २००५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. सहा महिन्यांहून जास्त काळचा थकवा १२.१ टक्के स्त्रियांनी सांगितला. आपला सगळ्यांचा पहिला अंदाज रक्त कमी असल्याचा असतो. हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. सापडला तो मानसिक ताणाशी आणि बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या जाचाशी. हा अभ्यास प्रौढ स्त्रियांचा आणि सर्वसाधारण थकव्याचा, सीएफएसचा नाही. तो इथे आणण्याचं कारण एवढंच की ‘दीर्घकाळ थकवा’ या एका तक्रारीखाली किती वेगवेगळी माणसं उभी असतात. नवरा मारतो म्हणून थकलेली बाई आणि ग्रंथीज्वरानंतर कोलमडलेली मुलगी यांना एकाच पाठमालेत बसवलं तर एकीला कदाचित उपयोग होईल, दुसरी अंथरुणाला खिळेल. १९९४ च्या सैल व्याख्येने निवडलेल्या मुलांत हाच धोका होता.

घरबसल्या उपचारांची वाट आपल्याकडेही रुळली आहे. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, ऑक्टोबर २०२२ मध्ये फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारची टेली-मानस सेवा सुरू झाली. उद्या कोणी मराठीत किशोरवयीन मुलांसाठी थकव्याचा ऑनलाइन कार्यक्रम काढला तर तो डच किंवा ब्रिटिश पाठमालेचं भाषांतर असण्याचीच शक्यता जास्त. तो हाती घेणाऱ्या पालकांनी आणि समुपदेशकांनी आत एकच गोष्ट शोधावी: शनिवारी जास्त दमलेल्या मुलाची सोमवारी काय अवस्था होती, हे कार्यक्रम कुठे विचारतो का? विचारत नसेल तर पुढचे पाठ उघडण्याची घाई करू नये.